सेमी-इंग्रजी वर्ग आणि घरची मराठी : पालकांनी काय पाहावे?

जून महिना जवळ येऊ लागला की अनेक पालक आपल्या फादरांकडे व सिस्टरांकडे एकच प्रश्न घेऊन येतात : मुलाला कोणत्या माध्यमात घालावे? अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात श्रीरामपूर, राहाता, राहुरी, संगमनेर या भागांत आपली अनेक कुटुंबे शेतीवर वा मजुरीवर जगतात. इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेची फी सर्वांना परवडत नाही. परंतु इंग्रजीवाचून मूल मागे पडेल ही भीतीही सुटत नाही. जिल्हा परिषदेच्या व अनुदानित मराठी शाळांतील सेमी-इंग्रजी वर्ग हा या पेचातून निघालेला मधला मार्ग होय. तो केव्हा फळ देतो आणि केव्हा देत नाही, हे समजावून सांगण्याचा आमचा हा प्रयत्न आहे.

पद्धत काय आहे?

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकविला जातो. परंतु इंग्रजी शिकणे वेगळे आणि इंग्रजीतून दुसरा विषय शिकणे वेगळे. सेमी-इंग्रजी वर्गात गणित व विज्ञान इंग्रजीतून, तर इतिहास, भूगोल आदी विषय मराठीतून शिकवितात. नवी भाषा केवळ व्याकरणाने न शिकविता तिच्यातूनच अन्य विषय शिकवावेत, या पद्धतीला शिक्षणशास्त्रात भाषा-निमज्जन म्हणतात. सेमी-इंग्रजी हे तिचेच अंशतः रूप आहे.

सार्वजनिक शाळेतील या पद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग १९६५ साली कॅनडातील मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट या गावी सुरू झाला. तेथील इंग्रजी भाषिक पालकांनी आग्रह धरून आपल्या मुलांसाठी फ्रेंचमधून शिक्षण देणारा वर्ग उघडवून घेतला. मॅक्‌गिल विद्यापीठाचे वॉलेस लॅम्बर्ट व रिचर्ड टकर यांनी या मुलांचा अनेक वर्षे अभ्यास केला. मुले फ्रेंच उत्तम समजू लागली, अन्य विषयांत मागे पडली नाहीत आणि त्यांची इंग्रजीही शाबूत राहिली.

यश कशामुळे आले?

हे यश ऐकून ‘मग सर्व काही इंग्रजीतूनच शिकवू या’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो घाईचा ठरेल. तेथे तीन गोष्टी अनुकूल होत्या. घरी, बाजारात, पुस्तकांत सर्वत्र मुलांची स्वतःची भाषा भक्कम होती आणि काही वर्षांत शाळेतही तिचे वाचन-लेखन सुरू झाले. सर्व मुले नवी भाषा एकाच पायरीवरून शिकत होती. शिक्षकांना मुलांची भाषा समजत असल्यामुळे आरंभी मूल आपल्या भाषेत बोलले तरी चालत असे.

आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकविताना मुलाच्या पाठीला भोपळा बांधतात आणि एखादा जाणता माणूस आधी पाण्यात उतरतो. दोन्हीही नसतील तर त्याला शिकविणे म्हणता येणार नाही.

कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी दाखवून दिले की, नव्या भाषेत रोजचे बोलणे मुलाला साधारण दोन वर्षांत जमते; परंतु त्या भाषेत अभ्यास पेलण्यास पाच ते सात वर्षे लागू शकतात. म्हणून मूल इंग्रजीत नाव-गाव सांगू लागले म्हणजे त्याला इंग्रजीतील विज्ञानही समजले, असे होत नाही. ‘बाष्पीभवन’ ही कल्पना त्याला मराठीत नीट कळली असेल, तर तिचे इंग्रजी नाव लवकर रुजते. कल्पनाच कळली नसेल, तर दोन्ही शब्द पोपटपंची ठरतात.

अकोले तालुक्यातील ठाकर व महादेव कोळी समाजांच्या मुलांचा विचार येथे अगत्याने केला पाहिजे. घरची बोली वेगळी असलेल्या मुलाला पाठ्यपुस्तकातील मराठीही नवी वाटते. त्यावर लगेच इंग्रजी आली तर त्याला एकाच वेळी दोन पायऱ्या चढाव्या लागतात. १९५६ साली समाविष्ट झालेला राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-अ आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षण देण्यावर भर देतात, ते याच कारणाने.

आपली परंपरा आणि आपले कर्तव्य

परभाषेत शिरून ती आपलीशी करणे आपल्याला अपरिचित नाही. जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनी मराठी आत्मसात केली आणि १९०३ साली राहुरी तालुक्यातील केंदळ येथून ‘निरोप्या’ मासिक सुरू केले. येथील भाविकांपर्यंत पोहोचण्यासाठी त्यांनी येथील भाषा शिकली. पुढे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतील उपासनेचे दार उघडले आणि मिस्साबली मराठीतून होऊ लागला. आज एखादे मूल इंग्रजी अक्षरे वाचते, पण रविवारचे मराठी वाचन करताना अडखळते, तेव्हा ही उणीव केवळ शाळेची राहत नाही. आजीच्या जपमाळेतील शब्द त्याला परके होऊ लागतात.

याच परिषदेने १९६५ साली शिक्षणविषयक घोषणापत्रात आईवडील हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक असल्याचे सांगितले. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी शाळेत जाऊन विचारावे : गणित व विज्ञानाच्या शिक्षकांना इंग्रजीतून शिकविण्याची सवय आहे काय? अवघड कल्पना मराठीत समजावून देतात काय? मुलाने मराठीत प्रश्न विचारला तर चालते काय? मराठी वाचनाकडे तितकेच लक्ष देतात काय? शिक्षणहक्क कायदा, २००९ नुसार जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. तेथे हे प्रश्न मांडण्याचा आपल्याला अधिकार आहे.

घरी रोज दहा मिनिटे मुलाकडून मराठी वाचून घ्यावे. बायबलमधील एखादा दाखला वाचून तो त्याच्या शब्दांत सांगावयास लावावा. ज्या आईवडिलांना वाचता येत नाही, त्यांनी ऐकले तरी पुरे. धर्मशिक्षणाच्या वर्गातही मुलांना मोठ्याने वाचण्याची संधी मिळावी.

पेंटेकॉस्टच्या दिवशी जमलेल्या प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकली. पवित्र आत्म्याने कोणाचीही भाषा काढून घेतली नाही. आपल्या मुलांना इंग्रजी अवश्य मिळावी, आणि ती मिळविताना त्यांची मराठी न गमावण्याची सुबुद्धी प्रभू आपणा सर्वांस देवो.