खोडदची दुर्बीण आणि हायड्रोजनचा हिशेब

मार्च-एप्रिलच्या रात्री भंडारा जिल्ह्यातल्या एकोडीच्या शिवारातून उत्तरेला पाहिलं की सप्तर्षी ठळक दिसतात. त्याच तारकासमूहात, सुमारे 1 कोटी 20 लाख प्रकाशवर्षांवर, एम 82 ही दीर्घिका आहे. तिच्या गाभ्यात तारे धडाधड जन्मताहेत. छोट्या दुर्बिणीतून ती चिरुटासारखी दिसते, पण तारे ज्या वायूतून घडतात तो थंड हायड्रोजन मात्र कुठल्याही भिंगातून दिसत नाही. तो टिपायला रेडिओ लागतो. एम 82 आणि शेजारची एम 81 यांना जोडणारे हायड्रोजनचे लांबलचक पट्टे रेडिओ दुर्बिणींनीच दाखवले. शेजारणीच्या ओढीनंच हा वायू ढवळला गेला आणि ताऱ्यांच्या जन्माला जोर आला, असं मानलं जातं.

हायड्रोजनची खूण म्हणजे 21 सेंटिमीटरची लहर, वारंवारता 1420 मेगाहर्ट्झ. एकटा अणू ती सरासरी कोटीभर वर्षांतून एकदा सोडतो! दीर्घिकेत अणूच इतके, की तरीही संदेश पोचतो. फक्त अतिशय क्षीण.

तो ऐकण्यासाठी जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप (जीएमआरटी) ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 डिश. 14 मध्यभागी दाटीनं, उरलेल्या 16 तीन दिशांना पसरलेल्या. टोकाच्या डिशमधलं अंतर 25 किलोमीटरपर्यंत जातं. सगळ्यांचे संदेश ऑप्टिकल फायबरनं एका इमारतीत येतात, तिथे त्यांची जुळवणी होते आणि एका अवाढव्य दुर्बिणीचं काम निघतं.

जवळ जाऊन पाहिलं तर डिशमध्ये पत्रा नाहीच. स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी, ताणलेल्या दोरांवर बसवलेली. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्चही आटोक्यात. ही युक्ती रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची, आणि माझ्या मते दुर्बिणीचं खरं कौतुक इथेच आहे. परदेशी आराखडा उचलला असता, तर एवढ्या डिश परवडल्याच नसत्या.

2020 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या (एनसीआरए) आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या दुर्बिणीतून तारे घडवणाऱ्या 7,653 दूरच्या दीर्घिकांचे संदेश एकत्र केले. एकेकट्या दीर्घिकेचा आवाज ऐकूच येत नव्हता. बेरीज केल्यावर आला. सुमारे 800 कोटी वर्षांपूर्वीच्या त्या दीर्घिकांकडे वायू भरपूर होता, पण खर्च इतका, की बाहेरून भर पडली नाही तर कणगी शंभर-दोनशे कोटी वर्षांत रिकामी! विश्वात ताऱ्यांची निर्मिती पुढे का मंदावली, याचं उत्तर या हिशेबात मिळतं.

दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान दिनानिमित्त खोडदचं आवार सर्वांसाठी खुलं होतं, शाळकरी मुलं आपापले प्रयोग मांडतात. एकोडीपासून अंतर मोठं आहे खरं, पण विदर्भातल्या शाळांनी एकदा तरी सहल तिकडे न्यावी. आत मोबाइल बंद ठेवावा लागतो, एवढं मुलांना आधीच सांगून ठेवा.