संतांस विनंती, देवाची उपासना



कांहीं वर्षांपूर्वीं वसईकडील एका चर्चमध्यें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या गुरुदीक्षेस मी गेलों होतों. विधि चालू असतां तो तरुण वेदीसमोर जमिनीवर पालथा पडला, आणि समुदाय गुडघे टेकून संतांचीं नांवें एकामागून एक घेऊं लागला. माझ्या शेजारचे एक सुविद्य गृहस्थ हळूच म्हणाले, "आपले तेहतीस कोटि, तर ह्यांचेहि कांहीं थोडके नाहींत!" तेथें उत्तर देणें शोभलें नसतें, तें आज देतों.

त्या प्रार्थनेस लॅटिनमध्यें लितानिया म्हणतात. पूर्वीं ती लॅटिनमध्येंच चाले. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठींत आली, म्हणून तर त्या गृहस्थांस टीका करतां आली! मीं सारा जन्म मुलांना व्याकरण शिकविलें; त्यामुळें माझे कान नांवांपेक्षां क्रियापदांकडे होते. आरंभीं देवास हांक आहे : 'दया कर.' पुढें मरिया, देवदूत मिखाएल, पेत्र, पौल, धोंडमार सोसून मेलेला स्तेफन, आग्नेस, ऑगस्टीन अशीं नांवें येतात, आणि प्रत्येक नांवापाठोपाठ समुदाय म्हणतो : 'आम्हांसाठीं विनंती कर.' मग पुन्हां देवाकडे वळून : 'आम्हांस सोडीव.' दया करणें व सोडविणें हें देवाचें काम. संतांकडे मागणें एवढेंच कीं, त्यांनींहि आपल्याबरोबर मागावें. वडीलधाऱ्या माणसास 'आमच्याकरितां दोन शब्द घाला' म्हणावें, तसेंच हें आहे.

मात्र ते वडील मृत आहेत, आणि वादाचें मूळ तेथेंच आहे. सोळाव्या शतकांतील प्रॉटेस्टंट सुधारकांचें म्हणणें असें कीं, मध्यस्थ एक ख्रिस्तच. कॅथॉलिक उत्तर देतात कीं, मृत्यूनें मंडळी दुभंगत नाहीं. देवाजवळ गेलेला जीव मागें राहिलेल्यांस विसरत नाहीं. शास्त्रकारांनीं ह्याकरितां शब्दहि निरनिराळे ठेविले. देवाची ती लात्रिया, म्हणजे उपासना; संतांची दुलिया, म्हणजे आदर; आणि मरियेस हिपरदुलिया, म्हणजे अधिक आदर, पण उपासना नव्हे. ७८७ मध्यें नायसिया येथील परिषदेनें ठरविलें कीं, प्रतिमेस दिलेला मान मूळ व्यक्तीकडे जातो.

संतांचा सण बहुधा त्यांच्या मृत्युदिनीं येतो, ही गोष्ट पुण्यतिथि पाळणाऱ्या आपल्या लोकांस सहज उमजेल. दुसऱ्या शतकांत स्मिर्ना येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प ह्यांस रोमन अंमलांत ठार मारण्यांत आलें. तेथील मंडळीनें पत्र लिहून कळविलें कीं, आम्ही उपासना ख्रिस्ताची करतों, हुतात्म्यांवर प्रेम करतों, आणि दरवर्षीं जमून त्यांच्या हौतात्म्याचा 'जन्मदिन' पाळूं. मरणास जन्म म्हणण्याची ही रीत इतकी जुनी आहे! मरिया व बाप्तिस्मा देणारा योहान ह्यांचा मात्र खरा जन्मदिनहि पाळतात. तिचा ८ सप्टेंबर, त्याचा २४ जून.

त्याच ८ सप्टेंबरच्या सुमारास वांद्र्याच्या डोंगरावरील जत्रेंत मेणाचे हात, पाय, घरें वाहिलेलीं दिसतात. वाहणाऱ्यांत हिंदूहि पुष्कळ. आजारी लेंकराची आई मेणाचें बाळ हातीं धरून उभी असतांना 'दे' म्हणते कीं 'विनंती कर' म्हणते, हें तिला विचारण्याचा धीर मला झाला नाहीं. शब्दांचा भेद शास्त्रांत जितका रेखीव, तितका तो दुःखांत राहत नाहीं, आणि चर्चलाहि तें ठाऊक आहे. १५६३ मध्यें ट्रेंटच्या परिषदेनें संतांस विनविणें चांगलें व उपयुक्त म्हणून सांगितलें, आणि त्याच ठरावांत अंधश्रद्धा व हलकी धनप्राप्ति काढून टाकण्याचीहि आज्ञा केली. टीकाकार ठरावाचा हा भाग वाचीत नाहींत. भाविकांपैकीं कित्येक तर मुळींच कांहीं वाचीत नाहींत.

ह्या नामावळींत स्थानिक संतांचीं नांवें घालण्याची मुभा आहे. त्या दिवशीं गोन्सालो गार्सियाचें नांव घेतलें गेलें. हा वसईचा पुत्र फ्रान्सिस्कन बंधु होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांत नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह त्यास क्रुसावर मारलें, आणि १८६२ मध्यें तो संत म्हणून जाहीर झाला. त्याच्या नांवाला समुदायाचा आवाज चढला. क्रियापद मात्र तेंच राहिलें, 'विनंती कर'. गांवचा म्हणून त्याच्याकडे अधिक कांहीं मागितलें गेलें नाहीं. माझा विद्यार्थी अजून जमिनीवरच होता, आणि पुढल्या बांकावर त्याची आई प्रत्येक नांवास उत्तर देत होती.