वंक्षणाचा नकाशा आणि डॉक्टर कार्टर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अ‍ॅरिझोना प्रांती, चँडलर या नगरात स्थायिक झालेल्या एका वाचक भगिनींनी या सदराकडे एक प्रश्न धाडला आहे. त्यांची कन्या वैद्यकाच्या पहिल्या वर्षात असून हातपाय, उदर आणि श्रोणी या प्रदेशांची शरीररचना सध्या शिकत आहे. पडद्यावर मनुष्यदेहाचे थर बोटाच्या स्पर्शासरशी उलगडत असताना शवविच्छेदनाच्या टेबलाशी तासन्‌तास उभे राहण्याचे, आणि एकोणिसाव्या शतकातील ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ची नवी आवृत्ती एवढे दाम मोजून विकत घेण्याचे प्रयोजन काय, अशी त्यांची पृच्छा आहे. हा प्रश्न चँडलरहून यावा याचा मला विशेष आनंद वाटला, कारण 1912 साली ज्यांनी हे गाव वसविले ते डॉ. अलेक्झांडर जॉन चँडलर 1887 साली त्या मुलखात आले ते पशुवैद्य म्हणून. आज चिपांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या नगराचा पाया हाडामांसाची रचना जाणणाऱ्या माणसाने घातला आहे.

शरीराचा अभ्यास दोन रीतींनी करता येतो. पहिल्या रीतीत सर्व हाडे एका दप्तरात, सर्व स्नायू दुसऱ्यात आणि सर्व धमन्या तिसऱ्यात बांधलेल्या असतात, जशी जिल्ह्याच्या कचेरीत विहिरींची नोंदवही निराळी आणि रस्त्यांची निराळी असावी. दुसऱ्या रीतीत एकेका मौज्याचा नकाशा पसरून त्याच्या चतुःसीमा कोणत्या, आणि त्यांच्या आत कोण कोणाच्या शेजारी आहे, हे पाहिले जाते. शल्यवैद्याला ही दुसरी रीत शिकल्यावाचून गत्यंतर नाही, कारण त्याची सुरी त्वचेपासून हाडापर्यंत जाताना वाटेत येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला भेटते. सुश्रुताला हे पुरेपूर ठाऊक होते. त्याने देहाची सहा अंगे मानली, चार शाखा, मध्य आणि शिर. आणि 107 मर्मे मोजली तीही प्रदेशवार, प्रत्येक शाखेत 11 आणि उदरात 3 अशा हिशेबाने. मृतदेह गवताने वेष्टून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात रात्री कुजू द्यावा आणि मग वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी पाहावा, ही त्याची सूचना वाचताना आजही मन थक्क होते.

या कन्येच्या अभ्यासक्रमातील तिन्ही प्रदेशांची शीव जेथे मिळते तो वंक्षण, म्हणजे आपली जांघ, जरा जवळून पाहण्याजोगा आहे. नितंबास्थीच्या पुढील टोकापासून जघनास्थीपर्यंत एक चिवट बंध ताणलेला असतो आणि पायाकडे जाणारी बरीचशी सामग्री त्याच्याखालून पार होते: बाहेरून आत मोजत गेल्यास प्रथम मज्जातंतू, मग धमनी, मग नीला, आणि सर्वांत आत एक लहानशी, जवळजवळ मोकळी वाट. जांघेच्या घडीच्या मध्यावर दोन बोटे दाबून धरली की धमनीचा ठोका लागतो, आणि त्यावरून बाकीच्या साऱ्यांचा ठाव मिळतो. ती मोकळी वाट नीलेला फुगायला जागा देते. परंतु तीतूनच कधीकधी, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक प्रमाणात, आतड्याचे वेटोळे खाली उतरते, वाटेच्या कठीण कडांत आवळले जाते, आणि अंतर्गळाचा हा प्रकार वेळीच न सोडविल्यास प्राणावर बेततो.

वेटोळे सोडविण्यासाठी शल्यवैद्य त्या वाटेच्या आतल्या अंगाची चंद्रकोरीसारखी कड छेदत असे. एरवी श्रोणीच्या आत उगम पावणारी एक धमनी काही देहांत उदराच्या भित्तीतील धमनीपासून निघते. बहुधा ती वाटेच्या बाहेरच्या अंगाने निरुपद्रवीपणे खाली जाते, पण क्वचित त्या कडेच्या नेमकी पाठीमागून वळते, आणि मग सुरीचा एक फटका रक्ताची धार लावतो. असा निराळा उगम साधारणतः साडेतीन देहांमागे एकात आढळतो, असा हिशेब ग्रेच्या जुन्या ग्रंथात दिलेला आहे.

भगिनींच्या प्रश्नाचे माझे उत्तर या धमनीत आहे. 1994 साली अमेरिकेत एका पुरुषदेहाचे मिलिमीटर मिलिमीटर जाडीचे छेद घेऊन त्यांची चित्रे संगणकात भरण्यात आली. ते काम अद्भुत होते, परंतु तो देह एकाचाच होता. यंत्राचे विक्रेते शवाची जागा आता पडदा घेणार असे सांगतात तेव्हा त्या पडद्यावरचा मनुष्य बहुधा एकच आणि पुस्तकाबरहुकूम असतो, ही गोष्ट ते सांगत नाहीत. विच्छेदनगृहात दहा टेबले असली तर दहा निराळ्या जांघा असतात, आणि निसर्ग पुस्तक वाचून शरीर घडवीत नाही हा धडा विद्यार्थ्याच्या बोटांना तेथेच मिळतो.

आता ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या ग्रंथाविषयी. 1858 साली लंडनमध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा त्यातील 363 आकृत्या काढणारा हेन्री व्हॅनडाइक कार्टर मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेजात, शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक म्हणून रुजू झालेला होता. चित्रकाराचा हा पुत्र तेव्हा अवघ्या सत्तावीस वर्षांचा. त्याने आणि ग्रंथकर्त्या हेन्री ग्रेने सेंट जॉर्ज इस्पितळात सुमारे दीड वर्ष खांद्याला खांदा लावून विच्छेदने केली. त्यांच्यापुढे आलेली शवे कोणी ताब्यात न घेतलेल्या दरिद्री माणसांची होती, आणि त्यांतील एकाचेही नाव ग्रंथात नाही. कार्टर लाकडाच्या ठोकळ्यावर आकृती उलटी काढी, म्हणजे छापल्यावर ती सुलटी उमटे. प्रत्येक स्नायूचे, प्रत्येक धमनीचे नाव त्याने त्या त्या रचनेवरच, तिच्या वळणाने लिहिले. आकृतीवर अक्षरे आणि तळटीपेत त्यांचा खुलासा, अशी येरझार करावी लागणाऱ्या विद्यार्थ्याला हे केवढे वरदान वाटले असेल, याची कल्पना ज्याने परीक्षेच्या आदल्या रात्री अशी येरझार केली आहे त्यालाच येईल.

मोबदला म्हणून कार्टरला एकदाच 150 पौंड मिळाले. ग्रेचा करार दर हजार प्रतींमागे तितक्याच रकमेचा होता. मुद्रितावर सहकाऱ्याचे नाव लहान टायपात घालण्याची सूचना ग्रेने स्वहस्ते केली, आणि छापील मुखपृष्ठावर कार्टर केवळ सेंट जॉर्जचा माजी निदर्शक म्हणून आला. त्याच्या मुंबईच्या प्राध्यापकपदाचा तेथे उल्लेख नाही. ग्रे 1861 साली देवीच्या रोगाला बळी पडला आणि ग्रंथ त्याच्या एकट्याच्या नावाने अमर झाला. मला हा अन्याय वाटतो, आणि ज्या शहरातील कॉलेजात कार्टर शिकवीत होता त्या मुंबईने तरी त्याचे नाव आदराने घ्यावे असे वाटते. मूळ ग्रंथ पहिल्या रीतीचा, दप्तरवार होता. मात्र त्याच्या शेवटी वंक्षणाचे अंतर्गळ आणि श्रोणीच्या तळाचा प्रदेश यांवर शल्यवैद्यासाठी स्वतंत्र प्रकरणे होती. 39व्या आवृत्तीत, या शतकाच्या पहिल्या दशकात, सबंध ग्रंथच प्रदेशवार मांडण्यात आला.

कार्टरचे पुढील आयुष्य बहुतांशी आपल्याच मुलखात गेले. 1863 पासून सुमारे नऊ वर्षे तो साताऱ्याचा सिव्हिल सर्जन होता. अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायांना होणाऱ्या एका रोगाचा त्याने मुंबईत आल्यापासून पिच्छा पुरविला होता; या रोगात पाऊल सुजते, त्याला ठिकठिकाणी तोंडे पडतात आणि त्यांतून काळे अथवा फिकट कण बाहेर येतात. शस्त्रक्रियेने कापलेली पावले चिरून त्याने त्वचेपासून हाडापर्यंत रोगाच्या वाटा शोधल्या, त्या कणांत बुरशी दाखवून दिली, रोगाला ‘मायसेटोमा’ हे नाव दिले आणि 1874 साली त्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली उष्ण कटिबंधातील उपेक्षित रोगांच्या यादीत हा रोग घातला तो याच नावाने.