कानाने शिकावयाचा ठेका

तबला, ढोलकी, मृदंग, खंजिरी यांपैकी कोणतेही वाद्य घ्या. ते शिकण्याची सुरुवात हातापासून होते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. मुलगा ढोलकीवर थापा मारू लागला की घरची माणसे कौतुकाने म्हणतात, "याचा हात बसू लागला." हात बसावयास हवा हे खरेच, परंतु त्याच्या आधी कान बसावा लागतो, आणि त्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. एखादे गाणे नुसते ऐकून ते चर्मवाद्यावर कसे उतरवावे, याविषयी आज मी आपणांशी चार शब्द बोलणार आहे. मी तबलजी नव्हे, शाळामास्तर आहे. पण मुले कशी शिकतात आणि कोठे अडतात हे पाहण्यातच माझा दिवस जातो, आणि या विषयात ते पाहणे बरेच उपयोगी पडते.

आमचा रामाकोना-सौंसरचा भाग मराठी बोलणारा. पण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मध्य प्रदेशात राहिला, आणि २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात मोडतो. शाळेत हिंदी, घरी मराठी, आणि देवळात दोन्ही. संत्र्यांच्या बागांत दिवसभर राबलेली माणसे रात्री भजनाला बसतात, तेव्हा एक अभंग होतो आणि त्यामागून एक हिंदी भजन होते. भाषा बदलली म्हणून ढोलकीला काही फरक पडत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) दोन्ही भाषांत भजने रचली आणि हातात घेतली ती साधी खंजिरी. एका हातात धरावयाचे, दुसऱ्याने वाजवावयाचे, भोवती झांजेच्या चकत्या. इतके स्वस्त आणि इतके हलके वाद्य की ते कोणालाही जवळ करता यावे. विदर्भातल्या आणि आमच्याकडच्या कित्येक खेड्यांत मुलांच्या हाती पहिले वाद्य पडते ते हेच.

अडचण अशी की खेड्यात शिकविणारा नसतो. गुरू शोधावयाचा तर नागपूर किंवा छिंदवाडा गाठावा लागतो, आणि तेवढी ऐपत व सवड थोड्यांनाच असते. मंडळात मृदंग वाजविणारे बुवा साठी-सत्तरीला आलेले. त्यांचे गुडघे दुखू लागले की दर एकादशीला एकच प्रश्न पडतो : आज वाजविणार कोण? काही ठिकाणी आता तबल्याचे विजेचे यंत्र आणले आहे. कळ दाबली की ठेका सुरू होतो, आणि तो चुकत नाही. तथापि म्हाताऱ्या गायकाचा श्वास कमी पडला तर ते यंत्र थांबत नाही. मागे एकदा अशाच एका बैठकीत गाणारे आजोबा दम घेण्यासाठी क्षणभर रेंगाळले आणि यंत्र पुढे निघून गेले. त्यांनी टाळ खाली ठेवला, तो त्या रात्री पुन्हा उचलला नाही. म्हणून जे मूल नुसते ऐकून शिकू पाहते, त्याला वाट दाखविणे मला अगत्याचे वाटते.

पहिली गोष्ट, वाद्याला हात लावावयाचा नाही. गाणे लावावे, डोळे मिटावे आणि मांडीवर एकसारखी टाळी द्यावी. गाण्याचे शब्द कधी घाई करतात, कधी रेंगाळतात. टाळी मात्र घड्याळाप्रमाणे सारख्या अंतराने पडली पाहिजे. ही झाली लय. आमच्या बाजूला २०१५ पर्यंत छोट्या रुळांची गाडी होती. रुळांच्या सांध्यांवरून चाके जाताना जो एकसारखा खटका वाजे, त्यावर बोलगाणी म्हणत मुले छिंदवाड्यापर्यंत जात. लयीचा याहून स्वस्त शिक्षक मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. त्या टाळ्यांतली पहिली कोणती, हे ओळखावयाचे. ताल म्हणजे वर्तुळ. फिरून तो जेथे येतो ती जागा सम. नवशिक्याला वाटते की गाण्याचा पहिला शब्द जेथे, तेथेच सम. पुष्कळ चालींत हे खरे नसते. गायक ध्रुपदाचे दोन-तीन शब्द आधी म्हणून घेतो आणि मग एखाद्या ठसठशीत अक्षरावर समेला येतो. माझ्या वर्गातला सातवीचा एक मुलगा आठवडाभर याच ठिकाणी अडून बसला होता. ठेका बरोबर, लय बरोबर, पण सगळे दोन मात्रा सरकलेले. गाणाराला ते टोचे, आणि काय टोचते हे सांगता येत नसे. मी त्याला म्हटले, "बाळा, तू शब्द ऐकू नकोस. गाणारे बुवा मान कोठे हलवितात तेवढे पाहा." दुसऱ्या दिवशी सम सापडली.

यंत्रावर ऐकताना मान दिसत नाही. तेथे डग्ग्याचा आधार घ्यावा. केहरवा घ्या. त्याच्या आठ मात्रा : धा गे ना ती, न क धि न. तबल्याचा उजवा भाग जवळजवळ सतत बोलत असतो. पण डाव्याचा घुमारा पहिल्या दोन मात्रांना येतो, मग नाहीसा होतो, पाचव्या-सहाव्या मात्रेला अगदी कोरडे लागते, आणि सातव्याला 'धि' बरोबर तो पुन्हा उठतो. ही कोरडी जागा म्हणजे खाली. वादक पुढे कितीही नक्षीकाम करो, घुमाऱ्याची ही भरती-ओहोटी बहुधा तो मोडीत नाही. म्हणून आधी एकदा सबंध गाणे केवळ डग्ग्यासाठी ऐकावे, नंतर एकदा केवळ चाटेवरच्या 'ना' साठी, आणि मगच दोन्ही मिळून. दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीनच्या झोक्याने ओळखू येतात. पाळणा हलविणाऱ्या कोणत्याही आईला तो झोका ठाऊक आहे.

हे वेगवेगळे आवाज कानाला ओळखता येतात, याचे कारण आपल्या वाद्यांच्या घडणीत आहे. नुसते ताणलेले कातडे वाजविले तर त्यातून मूळ स्वराबरोबर जे वरचे स्वर निघतात, ते त्याच्या पूर्ण पटीत नसतात. पहिलाच सुमारे १.५९ पट येतो. म्हणून साधा ढोल गडगडतो, गात नाही. तबल्याच्या व मृदंगाच्या तोंडावर शाईचे थर बसविले की हे वरचे स्वर दुप्पट, तिप्पट, चौपट असे रांगेत येतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये यावर लिहिले आणि १९३४ मध्ये त्याचा सविस्तर खुलासा केला. ज्या कारागिरांनी लोखंडाचा कीस आणि शिजविलेला भात घोटून ही शाई बसविली, त्यांनी गणित केले नव्हते. त्यांनीही ऐकूनच केले.

तिसरी पायरी तोंडाची. जे ऐकू आले ते बोलांत म्हणून दाखवावयाचे. उस्ताद अल्लारखाँ (१९१९–२०००) यांनी नुकत्याच जन्मलेल्या मुलाच्या कानात तबल्याचे बोल म्हटले, ही हकीगत झाकीर हुसेन (१९५१–२०२४) स्वतः सांगत असत. आपल्याकडे बोल आधी जिभेवर बसतात, मग बोटांत उतरतात. जे तोंडाने म्हणता येत नाही ते हाताने सुटे वाजणार नाही. तेथे गिचमिड होणार, हे ठरलेलेच. मुलांच्या हातांतल्या मोबाइलचा एक उपयोग मला येथे दिसतो. त्यावर गाण्याची गती निम्मी करता येते आणि स्वर होता तेथेच राहतो. जुन्या फिरत्या तबकड्यांची गती निम्मी केली तर स्वर एक सप्तक खाली उतरे आणि बिचारा 'ना' डग्ग्यासारखा घोगरा होई. ती अडचण आता नाही. मात्र गती कमी करून म्हटलेले बोल पुन्हा मूळ गतीत म्हणून पाहावेत. संथ लयीत बरोबर आलेली पुष्कळ गोष्ट जलद लयीत विरघळते.

आता अभंगाविषयी, कारण आमच्याकडे खरे काम त्याचेच. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे असतात आणि चौथ्यात चार. ठेका आठ मात्रांचा. म्हणजे अक्षरे कमी आणि जागा जास्त. ती जागा गायक एखादे अक्षर लांबवून भरतो, आणि चार अक्षरांच्या चरणात तर अधिकच लांबवितो. मृदंग्याला बोलावयास अवकाश मिळतो तो नेमका तेथे. शब्द चालू असताना साधा ठेका धरावयाचा आणि अक्षर लांबले की हात मोकळा सोडावयाचा. ही जाण ज्याला आली त्याच्या साथीने गाणे झाकले जात नाही. अहमदजान थिरकवा बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत साथीला होते. पद प्रत्येक प्रयोगात तितकेच लांबेल याचा तेथे भरवसा नसे. 'वन्स मोअर' आला की ते पुन्हा वाढे. अशा ठिकाणी कागदावर लिहून घेतलेला ठेका काय कामाचा?

गोव्यातील ख्रिस्ती घरांत मांड्याच्या गाण्याला व्हायोलीनबरोबर घुमट वाजवितात. मातीचे मडके, एका तोंडाला कातडे, आणि दुसऱ्या उघड्या तोंडावर तळहात कमी-जास्त दाबून आवाजाला दिलेला मुरका. पूर्वी त्यास घोरपडीचे कातडे लावीत. वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यामुळे आता बकऱ्याचे लावतात, आणि २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मान दिला. तोच हात हिंदू घरच्या आरतीतही घुमटावर चालतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) आमच्या देवळांतील उपासना लोकभाषेत होऊ लागली, तेव्हा ढोलक-तबलाही तेथे आला.

आणि ऐकणे केवळ कानांचेच असते असेही नाही. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी यांची श्रवणशक्ती बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ गेली. तरी तालवाद्यांच्या वादक म्हणून त्या जगभर गेल्या. त्या अनवाणी उभ्या राहतात आणि जमिनीतून येणारी कंपने अंगाने घेतात. आमच्या मुलांना मी सांगतो, मृदंग वाजत असताना त्याशेजारी सतरंजीवर तळहात टेकवून बसा. मिरवणुकीतल्या प्रचंड भोंग्यांपुढे छाती हादरते, पण तेथे काही ऐकू येत नाही. रात्रभर त्यांपुढे उभ्या राहिलेल्या मुलाचा कान दुसऱ्या दिवशी शाळेत दडे बसल्यासारखा असतो, आणि पुढे त्याला चाटेचा आवाज कोणता हे कसे उमगावे?

ज्यांच्या घरी जुनी ढोलकी पडून आहे, त्यांच्यासाठी इतकेच. पावसाळ्यात कातडे ओल खाते आणि आवाज खाली उतरतो. ती चुलीपाशी तापवू नये. कोरड्या फडक्यात गुंडाळून उंचावर ठेवावी. वाजविण्यापूर्वी पेटीचा एक स्वर धरून उजवी पुडी त्याला मिळवावी, आणि दोन भजने झाली की पुन्हा एकदा मिळवून पाहावी; कारण हाताच्या उष्णतेने ती एव्हाना थोडी सरकलेली असते.