संभाव्य अशील नोंद

संभाव्य अशील नोंद म्हणजे वकिलाकडे सल्ल्यासाठी किंवा खटल्यासाठी विचारणा करणाऱ्या, परंतु अद्याप वकीलपत्र न दिलेल्या व्यक्तीची कार्यालयीन नोंद होय. विधी व्यवसाय व्यवस्थापनाच्या संगणक प्रणालींत तिला 'लीड' म्हणतात. ही नोंद हाताने करता येते किंवा संकेतस्थळावरील अर्जातून एपीआयद्वारे आपोआप निर्माण करता येते.

कार्यपद्धती

एपीआय ही दोन संगणक प्रणालींमधील संदेशांची ठरीव पद्धत आहे. नवी नोंद करण्यासाठी सामान्यतः 'पोस्ट' प्रकारची विनंती जेसन स्वरूपातील माहितीसह पाठवली जाते. २००८ मध्ये कॅनडात स्थापन झालेल्या क्लिओ या कंपनीच्या 'क्लिओ ग्रो' प्रणालीत अशा विनंतीबरोबर कार्यालयाचे गुप्त टोकन द्यावे लागते. नाव, आडनाव, ईमेल, दूरध्वनी क्रमांक, संदेश आणि विचारणेचा स्रोत ही माहिती 'लीड इनबॉक्स'मध्ये जमा होते. तेथून ती स्वीकारायची की नाही, हे कार्यालय ठरवते.

विनंतीची चाचणी घेण्यासाठी पोस्टमनसारखे साधन वापरतात. या साधनाची सुरुवात भारतात झाली. सर्व्हरच्या उत्तरातील २०१ हा संकेतांक नोंद निर्माण झाल्याचे, ४०१ हा ओळख न पटल्याचे आणि ४२२ हा माहिती सदोष असल्याचे दर्शवतो. 'पोस्ट' विनंती पुन्हा पाठवल्यास त्याच व्यक्तीची दुसरी नोंद होऊ शकते. म्हणून दूरध्वनी क्रमांक किंवा ईमेल जुळवून पाहणे आवश्यक ठरते. चाचणीसाठी काल्पनिक माहिती वापरावी, तसेच टोकन संकेतस्थळाच्या उघड भागात ठेवू नये, असा संकेत आहे.

भारतातील कायदेशीर मर्यादा

विपणन क्षेत्रात 'लीड' म्हणजे मिळवलेला किंवा विकत घेतलेला संभाव्य ग्राहक. भारतीय वकिलाला हा अर्थ लागू करता येत नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेचा नियम ३६ वकिलाला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे काम मागण्यास आणि जाहिरात करण्यास मनाई करतो. २००८ मधील दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, संपर्क, सनदेचा तपशील, शैक्षणिक पात्रता व कामाची क्षेत्रे एवढी माहिती देण्यास मुभा दिली. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन मंचांद्वारे काम मिळवणाऱ्या वकिलांविरुद्ध शिस्तभंगाच्या कारवाईचे निर्देश दिले. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ नुसार गैरवर्तनासाठी समज देण्यापासून सनद रद्द करण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. त्यामुळे विचारणा स्वतःहून करणाऱ्या व्यक्तीची नोंद करणे आणि इतरांकडून याद्या घेऊन लोकांशी संपर्क साधणे या भिन्न गोष्टी आहेत. नोंदीतील 'स्रोत' हा रकाना हा फरक दाखवणारा पुरावा ठरतो.

नियम ३३ नुसार एका पक्षाला सल्ला दिलेल्या वकिलाला त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाचे काम घेता येत नाही. म्हणून प्राथमिक अर्जात विरुद्ध पक्षाचे नाव विचारून ते जुन्या नोंदींशी ताडून पाहिले जाते. प्रकरणाचा गोपनीय तपशील त्यानंतरच घेणे इष्ट असते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मधील संमतीची तरतूदही सांगितलेल्या हेतूसाठी आवश्यक तेवढीच माहिती घेण्यावर भर देते.

नवी मुंबईतील उपयोग

परदेशी प्रणालींतील तयार रकाने नवी मुंबईसाठी पुरेसे नसतात. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कळंबोली, कामोठे व पनवेल रायगड जिल्ह्यात आहेत. बेलापूर आणि खारघर ही हार्बर मार्गावरील लगतची स्थानके असून जिल्ह्याची हद्द त्यांच्यामध्ये येते. दोन्ही भागांसाठी पोलीस आयुक्तालय मात्र एकच आहे. त्यामुळे पत्त्यात केवळ 'नवी मुंबई' लिहिल्यास प्रकरण बेलापूर येथील न्यायालयाचे की पनवेलचे, हे कळत नाही.

धनादेश अनादराचे प्रकरण हे याचे ठळक उदाहरण आहे. परक्राम्य संलेख अधिनियमातील २०१५ च्या दुरुस्तीनुसार, खात्यामार्फत वटवण्यास दिलेल्या धनादेशाबाबत तक्रारदाराचे खाते असलेल्या शाखेवरून न्यायालय ठरते. म्हणजे तक्रारदार वाशीत राहत असला, तरी खाते खारघर शाखेत असल्यास तक्रार पनवेलला दाखल होते. अर्जात राहत्या पत्त्याबरोबर बँकेची शाखा विचारावी लागते ती यासाठी.

धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत मागणीची नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यावर रक्कम देण्यास धनादेश देणाऱ्याला १५ दिवस असतात आणि त्यानंतर एका महिन्याच्या आत तक्रार करावी लागते. तक्रारीच्या विलंबाला पुरेसे कारण दाखवल्यास न्यायालय माफी देऊ शकते. नोटिशीच्या मुदतीसाठी अशी तरतूद नाही. अयशस्वी विनंतीमुळे विचारणा नोंदलीच गेली नाही, तर या कलमाखालील तक्रारीचा मार्ग बंद होऊ शकतो. म्हणून बँकेची सूचना मिळाल्याची तारीख हा अनिवार्य रकाना ठेवणे, तसेच अयशस्वी विनंत्या रोज तपासून विचारणा हाताने नोंदवणे, या दोन्ही गोष्टी उपयुक्त ठरतात.