साठीतली बाराखडी

हे वाक्य न वाचता नुसते बघून दाखवा.

जमणार नाही. ज्याला मराठी वाचता येते त्याला मराठी अक्षर दिसले की ते वाचले जातेच, इच्छा असो वा नसो. भेळेच्या कागदावरची अर्धी बातमी, रिक्षाच्या पाठीवरचा शेर, लोकलमध्ये शेजाऱ्याने उघडलेल्या पेपरातला मथळा, असा बराच ऐवज आपण दिवसभर न मागता पदरात पाडून घेत असतो.

एसटी स्टँडवर मात्र एखादी आजी आजही कुणाच्या तरी दंडाला हात लावून विचारते, "बाळा, ही मुरबाडची गाडी ना रे?" पाटी तिच्या डोळ्यांसमोर असते. मोतीबिंदू काढून झालेला असतो, नजर स्वच्छ असते. पाटीवरून निघालेला प्रकाश तिच्या डोळ्यांत जसा शिरतो तसाच आपल्याही. फरक पडतो तो पुढे, मेंदूत, आणि नेमका कुठे पडतो हे आता माहीत झाले आहे.

मेंदूच्या तळाशी, डाव्या कानाच्या साधारण मागच्या बाजूला एक छोटा पट्टा आहे. लिहिलेला शब्द दिसला की तो जागा होतो. लिपी चिनी असो, हिब्रू असो की देवनागरी, जागा जवळपास तीच. हा पट्टा किंवा त्याच्याकडे येणाऱ्या वाटा बिघडल्या तर काय होते याची एक नोंद फ्रान्समध्ये ज्यूल देजेरीन या डॉक्टरांनी 1892 साली करून ठेवली आहे. त्यांच्याकडे आलेल्या गृहस्थाला एके दिवशी अचानक वाचता येईना. बोलणे ठीक, वस्तू आणि माणसे ओळखणेही ठीक. लिहिताही येत होते, पण स्वतः नुकतेच लिहिलेले वाचता येत नव्हते! अक्षराच्या रेषेवरून हात फिरवला की मात्र ते ओळखू यायचे. हाताला अक्षर ठाऊक होते, डोळ्यांचा त्याच्याशी संबंध तुटला होता.

आता गंमत अशी की लेखनाला जेमतेम पाच हजार वर्षे झालीत, आणि त्यातला बहुतेक काळ बहुतेक माणसे निरक्षरच होती. उत्क्रांतीच्या हिशेबात हा वेळ काहीच नाही. बोलण्यासाठी मेंदूची काही तयारी जन्मतः असते, वाचण्यासाठी ती असूच शकत नाही. मग हा पट्टा आला कुठून? फ्रेंच शास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान यांचे उत्तर असे की तो उसना घेतलेला आहे. वस्तू आणि चेहरे ओळखण्याच्या कामावर असलेल्या पेशींपैकी काहींना शाळेत गेल्यावर अक्षरांच्या कामाला जुंपले जाते.

लहान मुलाच्या मेंदूत अशी जुंपणी होते हे मानायला कुणाला जड जात नाही. चाळिशीत, साठीत, सत्तरीत होते का? शिंगे मोडून वासरांत शिरणाऱ्याला आपण हसतो, कारण त्या वयात आत काही हलत नाही अशी आपली मनोमन खात्री असते.

ही खात्री तपासणे सोपे नव्हते. शाळेत न गेलेला माणूस बहुधा गरीबही असतो, बालपणी आजारी पडलेला किंवा अर्धपोटी राहिलेलाही असू शकतो. त्याच्या मेंदूत काही वेगळे दिसले तर ते अक्षराअभावी की अन्नाअभावी, हे ठरवायचे कसे? वाट सापडली कोलंबियात. तिथले गनिमी लढवय्ये शस्त्रे खाली ठेवून जंगलातून परत आले आणि विशी ओलांडल्यावर पहिल्यांदा स्पॅनिश लिहा-वाचायला शिकू लागले. शिकणे राहून गेले होते ते युद्धामुळे. मानुएल कारेइरास आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यातले शिकून झालेले वीस जण आणि अजून न शिकलेले बावीस जण यांचे मेंदू ताडून पाहिले. 2009 साली ‘नेचर’मध्ये आलेला निष्कर्ष असा: शिकलेल्यांच्या मेंदूत अनेक जागी करडा भाग अधिक होता आणि दोन अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा पूल मागच्या बाजूला अधिक भरीव होता. बंदूक सोडून पेन्सिल धरल्याची खूण मेंदूच्या रचनेत उमटली होती.

आपल्याला जवळचा प्रयोग लखनौजवळच्या खेड्यांतला. तिथल्या हिंदी बोलणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवली. बहुतेक जणी तिशीच्या आसपासच्या बायका. शिकवण्याआधी आणि नंतर त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले. जर्मनी, नेदरलँड्स आणि लखनौ इथल्या शास्त्रज्ञांच्या या अभ्यासाचा निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने जाणकारांनाही चकित केले. बदल वरच्या थरात, म्हणजे जिथे शिकण्याची खूण शोधण्याची रीत आहे तिथे, होईल ही अपेक्षा होती. इथे तो खोल तळघरात पोचला होता: थॅलॅमस आणि मेंदूचा बुंधा. नजर कुठे वळवायची, काय टिपायचे, याचा पहिला निवाडा करणारे हे फार जुने भाग. मासे आणि सरडे यांच्या मेंदूतही त्यांचे भाऊबंद सापडतात. सहा महिन्यांच्या अ-आ-इ-ईने हे भाग दृष्टीच्या केंद्राशी आधीपेक्षा अधिक तालात काम करू लागले. वाचन ज्यांचे जास्त सुधारले त्यांच्यात हा मेळही जास्त घट्ट होता.

अक्षरांसाठी जागा उसनी घेतली तर चेहऱ्यांच्या वाट्याला कमी येते का, ही शंका रास्त आहे. ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या 63 प्रौढांच्या 2010 सालच्या अभ्यासात देहान यांना तशी थोडी ओढाताण दिसली होती. याच अभ्यासात असेही दिसले की मोठेपणी शिकलेल्यांच्या मेंदूत होणारे बदल बालपणी शिकलेल्यांच्याच जातीचे असतात. पुढे 2019 मध्ये उत्तर भारतातल्या नव्वदहून अधिक प्रौढांवर काम झाले आणि चेहऱ्यांचे नुकसान काही आढळले नाही. तेव्हा आजी बाराखडी शिकली म्हणून नातवंडांचे चेहरे विसरणार नाही. मला तर दुसराच तपशील अधिक भावतो. देहान यांच्या अभ्यासात साक्षरांचा मेंदू नुसते बोललेले शब्द ऐकतानाही जास्त जोमाने प्रतिसाद देत होता. म्हणजे अक्षरे शिकल्यावर कानही बदलतात.

कसे, ते घरबसल्या करून पाहता येईल. ‘पाणी’ या शब्दातला पहिला आवाज काढून टाका. काय उरले? ‘णी’ असे उत्तर आले असेल तर तुम्ही अस्सल देवनागरीत वाढलेले आहात. रोमन लिपीत मुरलेला माणूस फक्त प् काढतो आणि ‘आणी’ म्हणतो. जोझे मोराइस आणि सहकाऱ्यांनी 1979 मध्ये पोर्तुगालमधल्या खेडुतांना असेच आवाज काढायला-घालायला सांगितले. निरक्षरांना ते बहुतेक वेळा जमले नाही. त्याच परिसरातल्या, मोठेपणी वाचायला शिकलेल्यांना जमले. आयुष्यभर ओघवते बोलणाऱ्या माणसाला आपले बोलणे सुट्या आवाजांचे बनले आहे याचा पत्ता लागतो तो लिपी शिकल्यावर.

लिपी आणखी एक जुनी सवय मोडायला लावते. गाय डावीकडून पाहा की उजवीकडून, गाय ती गायच. म्हणून निसर्गात वावरणारा मेंदू आरशातली प्रतिमा आणि मूळ प्रतिमा यांत फरक करण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. निरक्षर प्रौढांना असा फरक सांगणे अवघड जाते, शिकल्यावर जमू लागते, हेही प्रयोगांत दिसले आहे. आपल्या अंकांतले ३ आणि ६ पाहा. एकमेकांकडे पाठ करून बसलेले हे दोघे, म्हणून तर न पटणाऱ्यांत छत्तीसचा आकडा असतो. पाटीवर तीनच्या जागी सहा काढणाऱ्या बाईचे डोके चालत नाही असे समजू नये. तिचे डोके हजारो पिढ्यांचा नियम पाळत असते.

आता ‘वार्षिक’ हा शब्द घ्या. ‘वा’ झाल्यावर कागदावर डावीकडून उजवीकडे काय येते? आधी ऱ्हस्व वेलांटी, मग ष, आणि त्याच्या डोक्यावर उजवीकडे रफार. उच्चार करताना? आधी र्, मग ष्, मग इ. बरोब्बर उलटा क्रम! ‘आर्थिक’, ‘धार्मिक’, ‘मार्मिक’ सगळे याच घराण्यातले. आपण हे शब्द रोज सरसर वाचतो आणि तोंडातले आवाज कागदाच्या उलट दिशेने निघताहेत हे आपल्या गावीही नसते. बँकेच्या फॉर्मवर ‘वार्षिक उत्पन्न’पाशी एखादी नवसाक्षर बाई अडखळते तेव्हा ती आळशी नसते, कच्चीही नसते. ती जाणीवपूर्वक करते आहे ते काम आपला मेंदू आपल्याला न विचारता करतो, इतकेच.

इथेच मोठेपणी शिकण्यातली खरी अडचण येते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. अक्षरे ओळखता येणे आणि ती आपोआप वाचली जाणे यांत मोठे अंतर आहे. प्रौढशिक्षणाच्या अभ्यासक हेलन अबाद्झी यांनी या अंतरावर बरेच लिहिले आहे. त्यांचे म्हणणे असे की मोठेपणी नवी लिपी शिकलेली माणसे वर्षानुवर्षे एकेक अक्षर लावत राहतात, मग ती निरक्षर असोत वा उच्चशिक्षित. अक्षरे लावता लावता वाक्याचा शेवट येतो तोवर सुरुवात डोक्यातून निसटलेली असते. शब्द सगळे वाचले, अर्थ मात्र हाती नाही.

उच्चशिक्षितांनी याचा अनुभव जरूर घ्यावा, आणि मराठी माणसाला त्यासाठी परदेशी लिपी शोधायची गरज नाही. मोडी शिका. हात कमीत कमी उचलून लिहायची ही लिपी. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे लटकवत जायचे, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही, शब्दांत अंतर ठेवलेच पाहिजे असेही नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे ती सर्रास चालत होती. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात तिचे वर्ग चालत आले आहेत आणि अशा वर्गांत निवृत्त मंडळीही दिसतात. भाषा आपली, शब्द आपले, तरीही पहिल्या दिवशी घामटा निघतो. 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. म्हणजे वाडवडिलांच्या कागदांपुढे आपण सगळेच पुन्हा अंगठेबहाद्दर झालो आहोत.

अबाद्झींच्या मताने हिरमुसून जाऊ नये. हळू वाचणे म्हणजे न वाचणे नव्हे, आणि नवे काही शिकताना उतारवयातला मेंदूही बदलतो. हॅम्बुर्गमध्ये साठीच्या आसपासच्या लोकांना तीन चेंडू एकाआड एक उडवत झेलायला तीन महिने शिकवले. तरुणांपेक्षा कमी जणांना ते नीट जमले, पण मेंदूतली वाढ त्यांच्यातही मोजता आली. मात्र सराव सुटल्यावर ती वाढ ओसरली. आपल्या साक्षरता मोहिमांचा सगळा कज्जा या एका निरीक्षणात आहे. साताऱ्यात 1959 साली ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. आज ‘उल्लास’ या नावाने पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी कार्यक्रम चालू आहे, स्वयंसेवक शिकवतात, शेवटी परीक्षा होते. परीक्षा झाली की वही माळ्यावर जाते, आणि मग अक्षरेही जातात. माझ्या मते परीक्षेनंतरच्या वर्षी वाचायला काय मिळते यावर अशा कार्यक्रमाचे माप काढावे.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांची ती कल्पना. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारीत, खांद्याला दप्तर लावून दुपारी वर्गात येऊ लागल्या. फोटो देशोदेशी गेले, कौतुक झाले. पण कौतुकात एक गोष्ट मागे पडते. कुणी नोकरीसाठी आली नव्हती, कुणाला बढती हवी नव्हती. पोथी स्वतः वाचायची होती, बँकेत अंगठ्याऐवजी सही करायची होती. या वयात शिकून काय करणार, या प्रश्नाला इतके उत्तर पुरेसे आहे.

पार्वतीबाई आठवलेंनाही हा प्रश्न लोकांनी विचारला असणार. त्या विधवा झाल्यावर शिकल्या, पुण्याजवळच्या हिंगण्यातल्या विधवांच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून निधी गोळा केला आणि 1918 साली, अठ्ठेचाळिशीच्या घरात, इंग्रजी शिकायला थेट अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी कामे करून राहिल्या. स्कॅन वगैरे काही नसतानाची ही गोष्ट.

तुमच्या घरी, शेतावर, सोसायटीत कुणी मोठेपणी अक्षरे शिकत असेल तर तीन गोष्टी करा. आधी डोळे तपासून चाळिशी घेऊन द्या, कारण जवळचे धूसर दिसते हे कधीच न वाचलेल्या माणसाच्या लक्षात येतेच असे नाही. किराण्याची यादी त्यांनाच लिहू द्या. आणि रोज दहा मिनिटे ठळक टाइपातले काहीतरी त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. ‘वार्षिक’पाशी अडले तर लगेच शब्द सांगून टाकू नका, थोडे थांबा.