कार्ड हॉट, डोकं कूल!

उल्हासनगरचा आहे म्हटलं की समोरचा हमखास तो जुना जोक मारतो. 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! आपण हसून घ्यायचं. पण खरं सांगू? आहे त्या मालातून थोडं जास्त काढायची खोड इथल्या पाण्यातच आहे. १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालं, तेव्हा इथे होत्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकी. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी त्यातूनच अख्खा बाजार उभा केला. मग कॅम्प १ मधल्या एका मराठी पोराने ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करायचं मनावर घेतलं, तर बिघडलं कुठे?

बिघडलं. तेच सांगतो.

कार्ड आरटीएक्स ३०६०. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेलं, सेकंडहॅण्ड, वॉरंटीच्या नावाने शून्य. दिवसा ऑफिस, रात्री गेम आणि वीकेंडला लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग. कार्डाचे पैसे त्या एडिटिंगमधूनच वसूल व्हायचे होते.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय, तर चिपला कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचं. प्रत्येक चिप सारखी निघत नाही, म्हणून कंपनी थोडा हात राखून वेग ठरवते. तो राखलेला भाग आपण वापरायचा. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए लोकांनी असाच ३०० वरून ४५० मेगाहर्ट्झवर नेला होता. आता तर सोपं आहे. एमएसआय आफ्टरबर्नर नावाचं फुकट सॉफ्टवेअर, त्यात स्लायडर सरकवला की झालं!

मी कोअर एकदम १५० ने सरकवला. गेममध्ये ५६ फ्रेम्सच्या ५९ झाल्या. कॉलर टाइट! रात्री शेजारच्या सिंधी काकांच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ रेंडरला लावून झोपलो. महिना एप्रिल. सकाळी पाहतो तर स्क्रीनवर हिरवे-जांभळे चौकोन, रेंडर अर्ध्यावर मेलेला, आणि संध्याकाळी काका पेनड्राइव्ह न्यायला येणार. कार्ड गेलं म्हणून पोटात गोळाच आला.

रीस्टार्ट केल्यावर जीव आला. सगळं मूळ सेटिंगवर आणलं, तरी तापमान ८२ अंश. इथे माझी ट्यूब पेटली. पंखा कार्डाला खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. परदेशातला यूट्यूबर एसीत बसून ६५ दाखवतो, तो आकडा बदलापूर-अंबरनाथच्या उन्हाळ्यात विसरायचा. खोलीच ३५ वर असेल, तर सुरुवातच तिथून. शिवाय ही कार्डं तापली की ठराविक टप्प्यांनी आपला वेग आपणच कमी करतात. म्हणजे मी वरून ढकलत होतो आणि उष्णता खालून खेचत होती.

कॅबिनेट उघडलं आणि हसूच फुटलं. हीटसिंकच्या पात्यांमध्ये चक्क निळी लोकर! आमच्या खालच्या गाळ्यात जीन्स शिवतात, तिथला उडालेला धागा. मऊ ब्रशने आणि ब्लोअरने तासभर साफसफाई. (ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा. ते भन्नाट फिरलं तर पंखाच जायचा.) नुसत्या सफाईने ८२ चे ७५ झाले. एक रुपया खर्च नाही. रेंडर पुन्हा लावला. काकांना चहा पाजून तासभर थांबवलं, पण व्हिडिओ दिला.

मग शांतपणे बसलो. वीज किती खाल्ली जाणार हे वेगाच्या पटीत वाढतं, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. म्हणून आमच्या हवेत खरी मजा व्होल्टेज कमी करण्यात. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की आलेख उघडतो. त्यात ८७५ मिलिव्होल्टचा बिंदू १८५० मेगाहर्ट्झवर नेला आणि पुढची रेघ सपाट केली. १७० वॅटचं कार्ड १३५ च्या आसपास आलं, तापमान ६८. फ्रेम्स? ५६ च्या ५५. चालतंय की!

आता मेमरी. ती १०० च्या पायरीने वाढवायची आणि प्रत्येक पायरीला अर्धा तास युनिजिन सुपरपोझिशनसारखा टेस्ट चालवायचा. स्क्रीनवर ठिपके दिसले की दोन पायऱ्या मागे. कोअर वाढवायचाच असेल, तर १५ च्या पायरीने. मी मेमरी ५०० वर थांबलो, फ्रेम्स ५८. पंख्याची रेघ हाताने आखली: ६० अंशांना निम्मा वेग, ७५ ला ऐंशी टक्के. आवाज होतो, हेडफोन आहेत. आणि एक, विंडोज सुरू होताना सेटिंग आपोआप लावायच्या बटणाला आठवडाभर हात लावू नका. सेटिंग फसलं तर निदान रीस्टार्ट केल्यावर कार्ड ताळ्यावर येतं.

आमचं घर दोन खोल्यांचं. कार्डाची सगळी उष्णता शेवटी आई झोपते त्याच खोलीत यायची. परवा तिने विचारलं, "हल्ली तुझं ते मशीन बंद असतं का रे रात्री?"

चालूच असतं.